नळीत उरलेली दारू

बोटाच्या टोकाला एक दाणा चिकटला होता. खसखशीपेक्षा जरा मोठा, राखाडी, दोन्ही बाजूंनी कापल्यासारखा सपाट. हाल्डिसनं तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला, मग पुन्हा चष्मा लावून पाहिला… काही उपयोग नव्हता, लाल झाकणाच्या डब्यातले बंदुकीच्या दारूचे दाणे असेच दिसतात आणि निळ्या झाकणाच्या डब्यातलेही असेच. फरक असतो तो जळण्यात — लाल झाकणाची दारू भसकन जळते, ती कोल्ह्याच्या छोट्या बंदुकीसाठी, निळ्याची सावकाश, ती मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या रानहरणाच्या, मोठ्या बंदुकीसाठी — आणि हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तो फक्त डब्यावरच्या नावात असतो. हा दाणा डब्यातला नव्हता. टेबलाच्या कडेला बसवलेल्या मापाच्या नळीत अर्धी नळी दारू उरली होती आणि टेबलावर डबा कुठलाच नव्हता.

एका वेळी टेबलावर एकच डबा. काम संपलं की नळीतली दारू लगेच त्याच डब्यात परत, मग डबा फळीवर, मगच हात धुवायचे. हा नियम तिचा होता, आणि चाळीस वर्षं तिनं तो एम्ब्रिकच्या डोक्यात ठोकठोक ठोकला होता, कारण एम्ब्रिक हा असा माणूस की त्याच्या हाती घर दिलं तर तो चमचे बुटात ठेवेल. काडतुसं ती भरायची, मारायचा तो. लग्नाआधी सहा वर्षं ती गावातल्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधत होती, ताजव्यावर हात बसलेला होता, तेव्हा ही वाटणी आपोआप झाली. तिनं आयुष्यात एक गोळी झाडली नाही, पण त्यानं पाडलेल्या प्रत्येक मूसमागे तिचा ताजवा होता आणि हे शिकारीच्या टोळीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानाच्या मालकीणबाई म्हणायच्या… बाईंचं नाव काय बरं… असो, येईल नंतर. त्या म्हणायच्या, पोरी, ज्याला नाव नाही ते ओतून द्यायचं, मग ते सोनं का असेना.

"एम्ब्रिक!" तिनं खिडकीतून हाक मारली. तो अंगणात नव्या कपाटाच्या दाराला पॉलिशकागद घासत होता. "नळीत दारू कोणी ठेवली?"

त्याचा हात थांबला. फार नाही, जरासाच.

"मीच असेन. जरा काहीतरी बघत होतो."

"काय बघत होतास? कुठली आहे ही?"

"आता ते कसं आठवणार?"

"कसं आठवणार! अरे, साखर आहे का ही? जन्मभर ओरडतेय मी—"

"ओरड, ओरड, औषधवाल्या बाई. आजच ओरडून घे. उद्या बाळ झोपलेलं असेल, मग शूः करत बसावं लागेल."

ती हसली, रागातच. उद्या लेक सुनिवा येणार होती बर्गनहून, अकरा महिन्यांच्या एइराला घेऊन, आणि एइरा हल्ली रांगते आणि जे सापडेल ते तोंडात घालते, म्हणून तर हे सगळं चाललं होतं. इतकी वर्षं उघड्या फळ्यांवर मांडलेला संसार आज कुलपात जायचा होता. कपाट त्यानं मुद्दाम लाकडाचं केलं होतं. लोखंडी पेटीत कोंडलेली दारू पेटली तर पेटीचाच बॉम्ब होतो, लाकूड बिचारं फुटून मोकळं होतं. दारू एका कप्प्यात, टोप्या — काडतुसाच्या पुंगळीच्या बुडात बसतात त्या ठिणगीच्या टोप्या — समोरच्या भिंतीवर वेगळ्या, आपापल्या मूळच्या खोक्यांत. बाकी पुंगळ्या, गोळ्या, चिमटे, ब्रश.

आणि एम्ब्रिकचे डबे. देवा, त्याचे डबे! कॉफीचे, बिस्किटांचे, तंबाखूच्या चपट्या डब्या तर किती… आणि प्रत्येकावर त्याच्या डावऱ्या अक्षरात एकच शब्द: 'इतर'. इतर दोन. इतर, बारीक. एकावर 'इतर, पण वेगळं'. हे वाचून तिला इतकं प्रेम दाटून आलं की तिनं तो डबा उगाचच पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला आणि कपाटात सगळ्यांत पुढे ठेवायचं ठरवलं. या माणसाबरोबर मी म्हातारी झाले, हे बरं झालं.

वीस काडतुसांचा तो खोका तिला फडक्याखाली सापडला. मूसच्या बंदुकीची काडतुसं, चकचकीत, ओळीत उभी. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात तारीख: बुधवारची. गोळीचं वजन लिहिलेलं. दारूचं नाव… तिथं रेघ होती, रेघेवर काही नव्हतं.

बुधवारी एम्ब्रिक घरात नव्हताच. बुधवारी सकाळी तो टोळीबरोबर वरच्या ओढ्यावरचा पूल दुरुस्त करायला गेला होता, सगळं गाव फावडी घेऊन गेलं होतं, आणि तो परत आला तो रात्रीच्या जेवणाच्या वेळी, मोजे पिळत. ते मोजे तिला आठवत होते. तिनं मासे तळले होते, बटाटे जरा कच्चे राहिले होते, त्यावर तो म्हणाला होता की दातांना व्यायाम झाला — तेही आठवत होतं, शब्द न् शब्द. पण त्याआधीची दुपार… ती आत शिरू पाहत होती आणि आत काहीच नव्हतं, ना अंधार, ना धुकं, नुसती सकाळ आणि मग एकदम मासे. या खुर्चीत मी बसले होते. या हातांनी वीस वेळा माप ओढलं होतं. कुठल्या डब्यातून?

लाल झाकणाची असेल तर… पुढच्या शनिवारी तो ही काडतुसं घेऊन चांदमारीला जाणार, शिकारीआधीची दर वर्षीची परीक्षा द्यायला. खांद्याला बंदूक लावील, गाल लाकडावर टेकवील, तिथं त्याचा तो डावा गाल, दाढी करताना नेहमी थोडी राहते तिथला. बंदूक त्या गालापाशी फुटेल. ती खाली बसली, खोका मांडीवर घट्ट धरून.

मग 'मीच असेन' असं का म्हणाला तो?

ती उठली आणि गेल्या वर्षभराचे खोके काढू लागली. चिठ्ठ्या सगळ्या तिच्या, सुबक, दुकानात शिकलेल्या उभ्या अक्षराच्या, आणि शेवटी दोन खुणा — एक वजन करताना, एक पुन्हा तपासल्यावर. ती सवयही त्या बाईंचीच. तिच्या खुणा उजवीकडे झुकतात. गेल्या सप्टेंबरच्या खोक्यावरच्या खुणा डावीकडे झुकल्या होत्या. शाई पुसटली होती, डावऱ्या माणसाचा हात लिहिलेल्यावरून सरकतो तशी. अक्षर तिचंच… नाही, तिच्यासारखं. फार कष्टानं तिच्यासारखं केलेलं, जीभ बाहेर काढून काढलेलं असावं असं. मेच्या खोक्यावरही तेच. जूनच्या, तेच.

'इतर, पण वेगळं.' तिनं तो डबा पुढून परत ओढला आणि उघडला. आत गोळ्या होत्या, तीसएक, आणि प्रत्येकीच्या कमरेला चिमट्याचे बारीक ओरखडे, म्हणजे भरलेल्या काडतुसांतून उपटून काढलेल्या. तिनं एक उचलली, अंगठा फिरवला. कधी केलंस रे हे सगळं? मी गायनमंडळाला जाते तेव्हा, दर मंगळवारी? मी भरायचे, तू उपटायचास, पुन्हा भरायचास, माझ्यासारखं अक्षर काढायचास, आणि मी आले की तुझ्यावरच ओरडायचे की टेबलावर दाणे का सांडलेत म्हणून… आणि तू मान खाली घालून म्हणायचास, चुकलं.

राग आला का? हो, आला, आधी तोच आला, खसकन. माझ्या खुर्चीत बसून माझं काम तपासतो हा, ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही! मग रागाच्या मागून भीती आली, ती रागासारखी निघून गेली नाही, टेबलाशी बसूनच राहिली. तिनं नळी सोडवली, दारू वर्तमानपत्राच्या घडीत ओतली आणि ती मागच्या दारानं बाहेर पडली. बिननावाची दारू बागेत पातळ पसरायची, पावसापाण्यात तिचं खत होतं. चाळीस वर्षांत तिनं असं दोनदाच केलं होतं.

आंबट देठांच्या रुबार्बची पानं यंदा छत्रीएवढी झाली होती. ऑगस्ट निम्मा सरला तरी देठ मनगटाएवढे. शेजारची तोरगुन कुंपणावरून म्हणाली होती, "अगं बाई, काय घालतेस गं हिला? मला तरी सांग!" आणि हाल्डिस म्हणाली होती, "काही नाही गं, आहेच माझा हात तसा," आणि मागे उभ्या एम्ब्रिकला कॉफीचा इतका जोराचा ठसका लागला होता की दोघींनी मिळून त्याची पाठ थोपटली होती. तिनं वाकून एक पान वर उचललं. देठांच्या मधल्या काळ्या मातीवर राखाडी दाणे होते, सपाट, काही विरघळत आलेले, काही ताजे.

तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणीही आलं, पण हसू खरं होतं.

"काय करतेस?" तो पाठीमागे येऊन उभा राहिला होता, भुवयांवर लाकडाचा भुसा.

"खत घालतेय."

तिनं घडी उलटी करून दारू हातानं पसरली, सावकाश, बी पेरावं तशी.

"फार नको घालूस," तो शेवटी म्हणाला. "यंदा तिला भरपूर मिळालंय."

"दिसतंय."

तिनं वर पाहिलं नाही. वर पाहिलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि बोलायचं काय हे दोघांनाही अजून ठरवता आलं नव्हतं. तो उगाच एक देठ मोडून वास घेत उभा राहिला, मग म्हणाला की दार बसतंय नीट, कुलूप तेवढं राहिलं, आणि गेला. त्याची पावलं तिनं कोठीपर्यंत ऐकली.

आत येऊन तिनं हात धुतले. कपाटात लाल डबा एका कोपऱ्यात ठेवला, निळा दुसऱ्या, मध्ये रिकामी जागा. टोप्यांचे खोके समोर. 'इतर, पण वेगळं' पुन्हा सगळ्यांत पुढे, झाकण नीट लावून, त्याला कळणार नाही असं… किंवा कळेल असं. बाईंचं नाव अजून आलं नव्हतं. त्यांचा पांढरा झगा, त्यावरचा लवंगतेलाचा वास, चिठ्ठीवर टेकवलेलं करडं बोट — पोरी, रेघ रिकामी सोडायची नाही — सगळं होतं, नाव नव्हतं. उद्या आणखी काय नसेल? सुनिवा दारात उभी राहील, कडेवर बाळ, आणि मी त्या बाळाला… नाही. एइरा. एइरा, एइरा. आहे अजून.

मग तिनं बुधवारचा खोका समोर ओढला आणि पेन घेतलं. ही वीस काडतुसं ती स्वतः उपटू शकली असती, चिमटा हाताशी होता, आणि मंगळवारपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. पण तिनं रिकाम्या रेघेवर आपल्या सुबक, उभ्या अक्षरात लिहिलं: 'माहीत नाही'. आयुष्यात चिठ्ठीवर हे शब्द तिनं पहिल्यांदाच लिहिले होते, आणि ते इतर कुठल्याही शब्दांइतकेच सरळ आले, याचं तिलाच नवल वाटलं. खाली खुणांची जागा होती. तिथं तिनं काही केलं नाही.

खोका तिनं टेबलाच्या मधोमध ठेवला. पेन खोक्याच्या उजवीकडे ठेवलं, मग उचलून डावीकडे ठेवलं. बाहेर तो कुलपाचे स्क्रू शोधत होता, कुठल्या तरी 'इतर'मध्ये, स्वतःशीच पुटपुटत, आणि आता कधीही आत येणार होता. तिची भीती गेली नव्हती. पण तिनं खुर्ची जराशी बाजूला सरकवली, आणखी एक खुर्ची शेजारी मावेल इतकी, आणि दाराकडे तोंड करून बसून राहिली.