अंगठीचे दोन ठोके

सीटमागच्या लोखंडी दांडीवर अंगठीचा एक ठोका पडला आणि लोणीने बस हळू केली. डाव्या हाताला नवी बाग होती. कारकूनबाईंनी माइकवर वाचलं, "उद्यान विकास, काम पूर्ण." खिडक्यांमधून बघता बघता सदस्यांचे हात वर झाले, बाईंनी खूण केली आणि बाग मागे पडली.

शहराच्या पाच वर्षांच्या आराखड्याचा हा शेवटचा आढावा होता. नगरपरिषदेच्या दौऱ्याची पद्धत ठरलेली. बस थांबायची नाही, सदस्यांनी आतूनच बघायचं आणि पटलं तर हात वर करायचा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर उपअभियंता साहेब बसत. एक ठोका म्हणजे हळू घे, बघू दे. दोन ठोके म्हणजे हाण. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ती मूठ साहेब एका अंगठीवर सांभाळत आले होते.

लोणी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याच्या बसमध्ये भरलेला कप हातात धरला तरी हिंदकळत नसे, म्हणून शिपायापासून अध्यक्षबाईंपर्यंत सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. त्यालाही ते आवडायचं. आज मात्र स्टिअरिंगवर त्याचे तळवे घामाने सटकत होते. पुढच्या वळणानंतर उतार येणार होता, आणि उताराच्या तळाशी त्याच्या ताईचं घर होतं.

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. ताईने त्याला खाऊ घातलं, रागावलं, शाळेत ओढत नेलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. नोकरी लागल्यावर तो वर वसाहतीत राहायला आला, पण ताईने घर सोडलं नाही. "तुझ्या बायकोला दोन सासवा कशाला? एक आहेस तू," असं म्हणून ती विषय संपवायची. गेल्या वर्षी रस्त्यावरून घराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरून पडली आणि कमरेचं हाड मोडलं. आता काठी टेकत वर येई, पण खाली जाताना तिला धीर होत नसे. मग ती लहान मुलासारखी बसून बसून एकेक पायरी उतरे, आणि कुणी बघत नाही ना हे आधी बघून घेई. आपली ताई अशी उतरते, या विचाराने लोणीचा जीव तुटायचा.

आराखड्यात या पायऱ्यांना कठडा होता. तो झालाही होता, रस्त्यावरून दिसतो तेवढा. हिरवा रंग दिलेला, चकचकीत. पायऱ्या जिथे वळतात तिथे कठडा संपला होता आणि ताई पडली ती जागा त्याच्याही खाली होती. आज हात वर झाले की काम पूर्ण ठरणार होतं. नव्या आराखड्याचा मसुदा तयार होता आणि त्यात उताराचं नावही नव्हतं. नियमात एकच फट होती. जागेवर एखाद्या रहिवाशाने अडचण सांगितली, तर काम पूर्ण धरता येत नसे. पण बस थांबतच नसल्यामुळे आजवर कुठल्या रहिवाशाने तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

सकाळी बायको म्हणाली होती, "ताईंना निदान सांगून तरी ठेवा." तो म्हणाला होता की सांगितलं तर ती नकोच म्हणेल. त्या वेळेला ती दुकानात जायला वर येते, अध्यक्षबाई समोर दिसल्या की बोलेल आपोआप. बोलायला ती काही कुणाच्या बापाला भीत नाही.

वळण आलं. दांडीवर दोन ठोके पडले.

लोणीने ब्रेक दाबला. बस कठड्याला लागून उभी राहिली, कुणाला धक्काही बसला नाही. "इंजिन गरम झालंय साहेब," तो म्हणाला. "थोडं थांबावं लागेल."

साहेब पुढे वाकले. त्यांनी आधी डॅशबोर्डवरचा काटा बघितला, मग त्याच्याकडे. काटा निवांत मध्यावर होता.

सदस्य पाय मोकळे करायला उतरले. एकाने सावली गाठली, दोघे फोनवर बोलू लागले. अध्यक्षबाई कठड्याला हात लावून उभ्या होत्या. बाई वाईट नव्हत्या, नुसत्या दमलेल्या होत्या. लोणीने उगाच बॉनेट उघडलं. साहेब शेजारी येऊन उभे राहिले आणि हळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, "मुद्दाम केलंस ना? ठीक आहे. उद्यापासून कचरागाडीवर. ते नाही जमलं, तर घरी. तुझी नेमणूक अजून माझ्याच सहीवर आहे, हे विसरलास तू."

लोणीने मान वर केली तर साहेबांच्या खांद्यामागे, पायरीच्या तोंडाशी ताई उभी होती. पिशवी मनगटाला, काठी हातात, श्वास फुललेला. तिने सगळं ऐकलं होतं. हे तिच्या तोंडावरच दिसत होतं.

तेवढ्यात अध्यक्षबाईंचंही तिकडे लक्ष गेलं. त्या पुढे आल्या, वाकून खाली बघितलं. "कठडा वळणापर्यंतच दिसतोय," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चटकन सांगितलं की खालच्या पायऱ्या रुंद आहेत, तिथे गरज नाही.

"यांनाच विचारू की. आजी, तुम्ही इथल्याच ना? खाली उतरताना त्रास होतो का?"

कारकूनबाईंनी पेन उघडलं. बोल ताई, लोणी मनातल्या मनात म्हणत होता, एकदा बोल, माझं काय व्हायचं ते होऊ दे. ताईने त्याच्याकडे एक क्षण बघितलं. लहानपणी तो मार खाऊन घरी आला की असंच बघायची, कुठे लागलंय ते शोधत.

"छे हो, त्रास कसला," ती म्हणाली. "चांगलं केलंय सगळं. आमचा जन्म गेला या पायऱ्यांवर. खाली काही नको."

"नक्की? नसेल सोयीचं तर सांगा, आम्ही त्यासाठीच आलोय."

"नक्की. उगाच कुणाला बोल लागायला नको."

अध्यक्षबाईंना हायसं वाटलं. त्यांनी हात वर केला, सावलीतले आणि फोनवरचे हातही वर झाले. कारकूनबाईंनी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटलं, "पूर्ण. नागरिक समाधानी." साहेबांनी लोणीच्या पाठीवर थाप मारली आणि इंजिन थंड झालं असेल तर निघू म्हणाले. कचरागाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

लोणीने बॉनेट बंद केलं. ताई दुकानाकडे गेलीच नाही. रिकामी पिशवी घेऊन ती माघारी वळली होती. त्याच्या जवळून जाताना थांबली.

"झाली का नीट गाडी तुमची?" तिने विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा ताईने त्याला अहो-जाहो केलं होतं. "झाली," एवढंच तो कसाबसा म्हणाला.

सगळे बसमध्ये चढले, शिपायाने अध्यक्षबाईंच्या हातात चहाचा कप दिला. लोणीने इंजिन सुरू केलं आणि आरशात बघितलं. कठडा होता तिथवर ताई ताठ उतरली, एका हाताने धरून. वळणाशी आल्यावर तिने मागे वळून बसकडे बघितलं. एवढ्या खिडक्यांसमोर ती बसणार नाही, हे त्याला माहीत होतं. ती तशीच उभी राहिली, काठीवर दोन्ही हात ठेवून, बस जायची वाट बघत.

दांडीवर दोन ठोके पडले.

लोणीने बस हळूच पुढे घेतली. वळणावर अध्यक्षबाईंच्या हातातला कप जराही हिंदकळला नाही.