न सरलेल्या दिवसांच्या रेघा

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर एकेचाळीस दिवस गेले नव्हते, आणि ते सारे दिवस ते पत्र माझ्याच पानांत दडवलेले होते. मी एक जुना हजेरीपट आहे. उत्तर द्यायचे होते ते आमच्या पंतोजींना. मला हात नाहीत, बोरू धरता येत नाही. तरीही ते दिवस आठवले की दोष माझाच वाटतो.

खरे म्हणजे मी आपली हकिकत सांगावी की नाही, याचीच मला शंका आहे. ज्याच्या अंगावर खोटे लिहिले गेले, त्याचे बोलणे कोण खरे मानणार? शिवाय मी आता एका कचेरीतल्या रुमालात, म्हणजे दप्तराच्या कापडात, बांधलेला आहे. माझ्या वर आणि खाली दुसऱ्या गावांचे पट आहेत. गाठ कोणी सोडत नाही. बांधलेल्या रुमालात बातमी येत नाही, म्हणून आमच्या शाळेचे पुढे काय झाले ते मला विचारू नका. जेवढे मी पाहिले तेवढे सांगतो.

माझा जन्म बाळापूरला, कागद करणाऱ्यांच्या आळीत झाला. तागाची फाटकी पोती चुन्याच्या पाण्यात कुजवून, कुटून, नदीत धुऊन त्यांनी माझी पाने केली. एका म्हाताऱ्या कारागिराने गुळगुळीत दगडाने ती घोटली आणि तो आपल्याशीच म्हणाला, "याच्यावर बोरू अडकनार नाही." ते ऐकून मला वाटले, आपण पोथी होणार. मला पोथी होण्याची फार हौस होती. पण एका कारकुनाने माझ्यावर आडव्या-उभ्या ओळी आखल्या, आणि मी धामणखेडच्या सरकारी शाळेत आलो. मी थोडा हिरमुसलो, हे कबूल करतो.

धामणखेड हे बडनेऱ्यापासून चार कोसांवरचे, काळ्या मातीतले गाव. शाळा म्हणजे खुशालराव पाटलांनी दिलेली एक खोली. तिला एक दार, एक खिडकी आणि मला ठेवायला एक कोनाडा होता. पंतोजींचे नाव वामनराव. ते हळू बोलत आणि अक्षर मात्र मोत्यासारखे काढत. त्यांनी माझ्यावर बावीस मुलांची नावे लिहिली. मूल आले की त्याच्या नावासमोर उभी रेघ, नाही आले तर शून्य. हळूहळू मला ती नावे पोथीहून प्रिय झाली. पहिल्याच वर्षी शाळा तपासणारे डिप्टीसाहेब घोड्यावरून आले. त्यांनी मला हातात घेऊन पाने उलटली आणि म्हणाले, "वामनराव, इतका स्वच्छ पट मी दुसऱ्या कोणत्याच गावात पाहिला नाही."

पंतोजी त्या दिवशी घरी जाताना मला पुन्हा एकदा उघडून पाहून गेले. मीही फुगलो. आमचे नुकसान त्या कौतुकाने केले, असे मला आता वाटते.

पुढच्या वर्षी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली आहे आणि तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आहे, असे पाटलांच्या ओसरीवर लोक बोलत. आमच्या गावाने ती लढाई पाहिली नाही. पण कार्तिक लागला तशी वेचणी सुरू झाली आणि बायामाणसांबरोबर पोरेही वावरात गेली. बोंडातून कापूस काढायला लहान बोटे चांगली चालतात. बाविसांची चौदा झाली, चौदाची सहा, आणि मग चार.

पहिली खोटी रेघ मला अजून आठवते. गोदाबाईचा उद्धव त्या दिवशी आला नव्हता. पंतोजींनी बोरू शाईत बुडवला, दाराकडे पाहिले, पुन्हा बुडवला. "येईल दुपारी," असे पुटपुटत त्यांनी रेघ ओढली. उद्धव आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा वाट पाहिली आणि पुन्हा रेघ ओढली. शून्यांनी भरलेले पान त्यांना बघवत नसे. पुढे पुढे तर ते सोमवारीच शनिवारपर्यंतच्या रेघा ओढून ठेवू लागले. मी सुंदर दिसत होतो. शाळा रिकामी होती.

अशात ते पत्र आले. अमरावतीहून डिप्टीसाहेबांनी लिहिले होते की, वेचणीच्या दिवसांत पुष्कळ शाळा ओस पडल्याचे ऐकतो. ज्या गावी रोज पंधरा मुलेही येत नसतील तेथील शाळा उठवून दुसरीकडे नेण्याचा विचार आहे. तरी आपल्या शाळेची खरी स्थिती लिहून मूळ हजेरीपट टपालाने पाठवावा.

पंतोजींनी ते पत्र तीनदा वाचले. पट पाठवावा तर चौकशीला कोणीतरी येणार आणि खोटे उघडे पडणार. खरे लिहावे तर शाळा जाणार. त्यांनी पत्राची चौघडी घातली आणि माझ्या कार्तिकाच्या पानात ठेवून दिली.

चार दिवसांनी खुशालराव पाटील दारात उभे राहिले. मागे कापसाने भरलेली बैलांची बंडी होती.

"पंतोजी, महिनाभर दम धरा. घरात पाय ठेवाले जागा नाही. अवकाळी आला त एवढा कापूस टाकू कुठी मी?"

"पण पाटील, मुलं?"

"कोनते पोरं जी? चार त येतात. अन त्यातला एक माहाच चिंतामण हाय. त्याहिले मारुतीच्या पारावर बसवा. तेवढीच हवा लागन."

बंडीवरचे गडी हसले. पंतोजीही कसेबसे हसले. मग त्यांनी पाट्या गोळा केल्या, शाईची दौत घेतली, आणि मला उचलले. मित्रांनो, हे मी नीट पाहिले आहे. त्यांनी मला पिशवीत घालायला उचलले होते. क्षणभर मला छातीशी धरून ते थांबले, आणि परत कोनाड्यात ठेवून बाहेर गेले.

मग कापूस आला. आधी जमीन गेली, मग खिडकी गेली, मग माझा कोनाडा. कापूस मऊ असतो असे सगळे म्हणतात. पण तो चारी बाजूंनी दाबू लागला की त्याच्यासारखा पहारेकरी नाही. उजेड नाही, वारा नाही. सरकीचा उग्र वास आणि माझ्या पोटात ते चौघडी घातलेले पत्र. त्याची कड रोज थोडी थोडी रुतत असे. लाज वाटते सांगायला, पण सुरुवातीला मला बरेच वाटले. आता माझ्यावर कोणी खोटे लिहिणार नव्हते. नंतर कळले की जुने खोटे अंगावर तसेच राहते आणि ते वाचायला मी एकटाच उरलो आहे.

कोनाड्यामागची भिंत पातळ होती. पलीकडच्या बोळातले बोलणे तेवढे ऐकू येई. बाजाराच्या दिवशी टपाल घेऊन येणारे नत्थुजी तिथे थांबत.

"पंतोजी, कचेरीतून पुसून राह्यले जी. धामणखेडचं उत्तर कावून नाही?"

"पट कापसाखाली अडकला आहे, नत्थुजी. कापूस निघाला की लगेच देतो."

"बरं जी. कापसापुढं कोनाचं चालते?"

पुढच्या बाजारालाही तेच बोलणे झाले, त्याच्या पुढच्यालाही. पंतोजींचे शब्द खरे होते. मी अडकलेलाच होतो. पण मला कोनाड्यात परत ठेवणारा हात कोणाचा, हे आम्हा दोघांनाच ठाऊक होते.

पौष उजाडला तेव्हा खोली रिकामी करायला बाया आल्या. त्यांत गोदाबाई होती. तिचा हात माझ्यावर आपटला. तिने मला ओढून काढले, पदराने पुसले आणि पारावर बसलेल्या पंतोजींना हाक मारली.

"पंतोजी, तुमची पोथी सापडली जी!"

पंतोजी आले. त्यांचा चेहरा हरवलेली वस्तू मिळालेल्या माणसाचा नव्हता. गोदाबाईने मला उघडले. "माह्या उद्धवचं नाव कुठी हाये? दाखवा त खरं."

त्यांनी बोट ठेवले.

"अन ह्या रेघा कायच्या?"

"कार्तिकात तो आला त्या दिवसांच्या."

गोदाबाई खाली बसली. तिला अक्षर येत नव्हते, पण रेघांवरून तिचे बोट एकेक करत सरळ शेवटपर्यंत गेले. मग ती म्हणाली, "माहा धनी बडनेऱ्याले आगगाडीच्या सडकेवर माती टाकाले गेला. तवापासून भितीवर रोज गेरूची एक रेघ ओढून राह्यली मी. दिस बुडाला का मंग ओढायची. जो दिस अजून सरलाच नाही, त्याची रेघ मी ओढत नाही, पंतोजी. आधीच ओढली अन तो दिस आलाच नाही त? मंग त्या भितीवर भरोसा कसा ठेवू मी?"

पंतोजींनी मला मिटायला हात पुढे केला, पण तिने बोट काढले नाही.

"उद्धव त ह्या साऱ्या दिसाले माह्यासंगं वावरात होता. मंग शाळेत कोन आला जी?"

"कोणी आलं नाही, गोदाबाई. मीच लिहिलं."

हे शब्द त्यांनी प्रथमच मोठ्याने उच्चारले होते.

"कावून जी?"

"शाळा उठेल म्हणून."

तिने मागे वळून पाहिले. खोलीत अजून छातीएवढा कापूस होता. "अन असं लिवल्यानं राह्यली का?" एवढेच ती म्हणाली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंतोजी मला घेऊन वावरात गेले. निंबाखाली बाया भाकरी खात होत्या. त्यांना पाहून माणिकबाई नावाची एक जण मोठ्याने म्हणाली, "पाहा वो! पोरं शाळेत गेले नाही म्हून शाळाच वावरात आली!"

"आमचीबी हजरी लावा जी, पंतोजी. आमी रोज येतो!" दुसरी ओरडली. सगळ्या खिदळल्या. पंतोजींचे कान लाल झाले. पण ते मातीत मांडी घालून बसले आणि त्यांनी एकेका आईला विचारले, तुमचे मूल कोणत्या दिवशी शाळेत होते आणि कोणत्या दिवशी वावरात?

त्या बायांना तिथी-वार सांगता येत नव्हते. वावरे मात्र सगळी पाठ होती. "नाल्याकाठचं वेचलं तवा माह्या पोराच्या पायात काटा मोडला, तवा तो दोन दिस शाळेत आला. पाय दुखे म्हून." "वरचं वावर धरलं तवापासून कोनीच गेलं नाही." पंतोजी त्यावरून दिवस काढत आणि प्रत्येक खोट्या रेघेभोवती शून्य काढत. शाई फुटली, माती लागली, एका पानावर चटणीचे बोट उमटले. इतका स्वच्छ मी, दोन घटकांत कुरूप झालो. आणि मित्रांनो, घोटणाऱ्या म्हाताऱ्याच्या हातानंतर एवढे हलके मला कधीच वाटले नव्हते.

त्याच संध्याकाळी पंतोजींनी उत्तर लिहिले आणि खुशालराव पाटलांना वाचून दाखवले. आपण हजेरी खोटी लिहिली, खरी मुले बहुतेक दिवस चारच होती, असे त्यात होते. खोली कापसाने भरली होती, हेही होते. आणि शेवटी विनंती होती की, गावच्या शाळेला वैशाखाची सुट्टी नको. तीच सुट्टी वेचणीच्या दिवसांत मिळावी, म्हणजे वैशाखात मुले मोकळी असतात तेव्हा ती येतील.

"खोलीचं कावून लिवलं?" पाटील म्हणाले. "थे खोडा."

"नाही खोडता येणार, पाटील. मी माझं झाकलं नाही. तुमचं कसं झाकू?"

"हे धाडलं त तुमची नौकरी जाईन."

"जाईल."

पाटील बराच वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांना लिहिता येत नसे. सहीच्या जागी ते नांगराचे चित्र काढत. शेवटी त्यांनी बोरू मागून घेतला. "चिंतामणवर तरी नांगर काढाची पाळी नको," असे म्हणत त्यांनी पंतोजींच्या सहीखाली एक वाकडा नांगर काढला. मग खोलीकडे बोट करून म्हणाले, "उरला कापूस उद्या काढून घेतो."

मित्रांनो, तुमच्याही शाळेत माझ्यासारखा कोणीतरी असेल. त्याला पुठ्ठा घाला, वाळवी लागू देऊ नका, हे मी सांगेनच, कारण कागदाला तेवढी धास्ती असतेच. पण त्याहून मोठे मागणे आहे. तुमचे नाव पुकारले जाईल तेव्हा तिथे असा. आणि नसाल, तर का नाही, हे कोणाला तरी सांगा. रिकाम्या जागेपुढे काढलेले शून्य वाईट नसते. ते पाहून कोणीतरी तुम्हाला शोधायला निघू शकते. खोट्या रेघेमागे कोणी जात नाही.

बाजाराच्या दिवशी पंतोजींनी मला कापडात गुंडाळले, उत्तर वर ठेवले, टाके घातले आणि लाखेचे बोट लावले. नत्थुजींनी मला हातावर तोलून पाहिले.

"एवढं जड उत्तर, जी?"

"सांभाळून न्या. वाटेत नाला आहे."

पंतोजींचा हात अजून माझ्यावरच होता. नत्थुजी थांबले. एक बंडी करकरत बाजूने गेली. मग पंतोजींनी हात काढून घेतला. नत्थुजींनी मला थैलीत घातले, तिचे तोंड आवळले, घुंगरांची काठी खांद्यावर टाकली आणि ते अमरावतीच्या वाटेला लागले.