मजूर शून्य

अल्पभूधारक शेतकऱ्याची कार्यक्षमता हाच विकसनशील देशाच्या भवितव्याचा पाया आहे.

हे वाक्य नागपूरजवळच्या बेसातल्या एका शेती संशोधन संस्थेच्या फाटकावर बारा फुटी बॅनरवर छापलेलं होतं. बॅनरची एका बाजूची दोरी कोणीतरी स्कूटरला डबा बांधायला नेली होती, त्यामुळे पाया अर्धा लोंबत होता. त्याच्याखालून मान वाकवून चंपतराव आत शिरले. ते आले होते स्वतःची कार्यक्षमता कमी करून घ्यायला. या कामासाठी संस्थेत येणारा हा पहिलाच शेतकरी. वॉचमनला रजिस्टरमध्ये 'भेटीचं कारण' काय लिहावं ते सुचेना, म्हणून त्यानं 'वैयक्तिक' लिहिलं. ते बरोबरच होतं.

दोन वर्षांपूर्वी संस्थेनं बुटीबोरीच्या पुढं, चंपतरावांच्या गावात, चाळीस शेतकऱ्यांना कसाव्याचं बेणं वाटलं. कसावा म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. दर सोमवारी साबुदाण्याची उसळ खाणाऱ्या त्या गावाला साबुदाणा जमिनीखालून येतो हे तोवर ठाऊक नव्हतं. चंपतरावांनी दीड एकरात लावला. म्हणजे नांगरट त्यांनी केली आणि लावला शामलानं, त्यांच्या बायकोनं.

कांड्या तोडून लावणं, निंदणं, डुकरं हाकलणं, सब्बलीनं कंद उकरणं, हे सगळं तिचं. आणि खरं काम त्यापुढं होतं. कसाव्याचा कंद बाहेर निघाला की दोन दिवसांत आतून निळाकाळा पडतो. त्याच दिवशी सोलून, चकत्या करून वाळत घालावा लागतो. वाळल्या चकत्या मग कापडाच्या खळीसाठी जातात. शामला इतवारी बाजारातून आणलेल्या एका सुरीनं सोलत बसायची. जेवढे सोलून होतील तेवढेच कंद उकरायचे, हा हिशेब तिच्या डोक्यात होता. चंपतरावांच्या डोक्यात तेव्हा दुसरं काही होतं; काय, ते आता त्यांना आठवत नाही.

पहिलं पीक निघालं आणि संस्थेच्या सुरुची मॅडम अकरा पानांचा फॉर्म घेऊन घरी आल्या. प्रश्न क्रमांक तेवीस होता : मजूर किती, किती दिवस?

चंपतरावांची पाठ ताठ झाली. "मजूर? एकबी नाही, मॅडम. आमच्या घरची बाई मजुरीले जात नाही."

"घरची माणसं चालतील ना, काका. कोणी काम केलं?"

"घरचं काम थोडीच मजुरी असते! शून्य लिवा."

मॅडमनी शून्य लिहिलं. त्याच वेळी शामला चहा घेऊन बाहेर आली होती. तिच्या नखांत कसाव्याची माती होती. मॅडम गेल्यावर कप उचलता उचलता तिनं विचारलं, "काहो, मंग मी सालभर वावरात का करून राहिली होती?"

"तू मजूर आहेस काय? तू तं घरची आहेस."

हा तिचा मान आहे असं चंपतरावांना मनापासून वाटलं होतं. शामला हसली. पण दुसऱ्या दिवसापासून टोपलं उचललं की ती दारातून ओरडायची, "चाललं हो शून्य वावरात!"

शेजारच्या कवडूच्या घरी मात्र तेवीस नंबर निराळा भरला गेला. त्याची बायको माया मागंच उभी होती. "लिवा, एकशे नव्वद दिवस," ती म्हणाली, आणि कवडूची नाही म्हणायची छाती झाली नाही. पिकामागं मजूर जितके कमी तितकी कार्यक्षमता जास्त, असा संस्थेचा हिशेब होता; निकाल लागला तेव्हा कवडू बावन्न टक्के कार्यक्षम निघाला आणि चंपतराव सत्त्याण्णव. चाळिसांत पहिले. शाल, प्रमाणपत्र आणि नारळ मिळाला. हातात बाळासारखा कंद धरून फोटो निघाला. तो कंद तोवर शामलानं धरला होता. फोटोवाला म्हणाला, काकू, जरा बाजूला व्हा. 'चंपतरावांकडून शिका' असा मेळावाही झाला.

"सांग ना गा बाप्पा," कवडूनं भर सभेत विचारलं, "तू असं का करते जे आमी नाही करत?"

चंपतराव शेणखतावर अर्धा तास बोलले. शामला घरी सोलत होती.

यंदा पौषात शामला गेली. तीन दिवसांचा ताप. दुसरं पीक उभंच होतं. तेरवी झाली, फाल्गुन लागला, आणि चंपतराव एकटेच सब्बल घेऊन गेले. पहिल्याच दिवशी जोमात बारा पोती कंद उकरले. सोलून झाले दीड पोतं. तिसऱ्या दिवशी राहिलेल्यांतला एक कापला, तर आत निळ्या शिरा. दुसरा कापला, तिसरा कापला. मग ते सुरी हातात घेऊन त्या ढिगाशेजारी बसून राहिले. माया कुंपणापलीकडून बोलली, "भाऊजी, ती रोजचे दोनच टोपले काढे."

"तुले का माहीत?"

"रोज सोबतच तं जात होतो आमी. मी नव्हती तेव्हाबी ती जाये. पहिल्या साली माह्या बापाच्या दुखण्यात मी चोवीस दिवस माहेरी होती, तवाबी एकटी गेली."

एकशे नव्वद आणि चोवीस. दोनशे चौदा.

तो आकडा घेऊन चंपतराव आता सुरुची मॅडमच्या टेबलासमोर बसले होते. पिशवीत शाल होती, प्रमाणपत्र होतं. नारळ परत करता येत नव्हता, त्याची शामलानं चटणी केली होती.

"काका, यंदाचा सर्व्हे तर झाला ना?"

"यंदाचा नाही. पहिल्या सालचा दुरुस्त करायचा हाये. तेवीस नंबर. मी खोटं बोललो."

पहिल्या पिकाचा अहवाल अजून छापायचाच होता. संस्थेत अहवालाला कसाव्यापेक्षा जास्त वेळ लागतो. शुक्रवारी तो छापखान्यात जाणार होता. मॅडमनी सगळं ऐकलं, चष्मा काढून पुसला, आणि आत जाऊन धर्मेंद्र सरांना बोलावून आणलं. सर संस्थेचे प्रमुख होते आणि त्यांचा चहा निवत होता.

"चंपतराव, तुमचा पहिला नंबर जाईल."

"जाऊ द्या."

"अहो, प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. बाकी सगळ्यांना आम्ही तुमच्यावर मोजलंय. तुम्ही आमचे गज आहात, गज!"

"मंग गजच चुकीचा हाये, साहेब."

सर खुर्ची ओढून बसले. "पण दोनशे चौदा कशावरून? ज्यांनी काम केलं त्या तर... म्हणजे, काही पुरावा?"

चंपतरावांनी पिशवीतून सुरी काढली. सर खुर्चीसकट मागं सरकले, दारातून वॉचमन डोकावला.

"घेतली तेव्हा दोन बोटं रुंद होती," चंपतराव म्हणाले. सुरीचं पातं आता करंगळीएवढं उरलं होतं. "मी एक महिना वापरली, साहेब. माह्यानं तं धारबी नाही गेली तिची."

मॅडमनी सरांकडं न पाहता दोनशे चौदा टाइप केलं. कॉम्प्युटरनं क्षणभर विचार केला.

"एकतीस टक्के झाले, काका."

"त्याच्यात ती हाये ना?"

"आहे."

"कुठी?"

मॅडमनी पडदा त्यांच्याकडं वळवला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. चंपतराव बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत राहिले.

"नाव नाही येत?"

"नाव नाही येत, काका. फक्त दिवस येतात."

"चालते. दिवसच गेले ना तिचे."

शाल परत घेण्याची पद्धत संस्थेत नव्हती, ती पुन्हा पिशवीत गेली. गावात उतरल्यावर पारावरून कवडू ओरडला, "का गा चंपत, झाला नापास?"

"झालो. एकतीस."

"एकतीस! अरे, माह्यापेक्षा बी खाली!" कवडू खदखदून हसला, आणि चंपतरावही हसले. पौषानंतर पहिल्यांदाच. मायाच्या दारापुढं ते थांबले. "दोनशे चौदा लिवले वं," म्हणाले. माया हातातलं सूप तसंच धरून उभी राहिली, मग आत गेली. दुसऱ्या दिवशी टोपलं उचलताना चंपतराव दारात जरा रेंगाळले. ओरडायला काही उरलं नव्हतं.

श्रावणात अहवाल आला. जाड, गुळगुळीत कागदाचा. मुखपृष्ठावर कंद धरलेले चंपतरावच होते, कारण मुखपृष्ठ आधीच छापून झालं होतं. त्यांनी पान पान उलटून दोनशे चौदा शोधले. चौसष्टाव्या पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की एका शेतकऱ्याची माहिती इतरांशी विसंगत वाटल्यानं वगळण्यात आली आहे.

अहवालात एकोणचाळीस शेतकरी होते.