पाणी हलता कामा नये

मी एक कोट बोलतोय, आणि दोष कोणाचा ते आधीच सांगून टाकतो. लांब्याच्या बापाचा. पोहायला शिकवणारे सर दोषी आहेत, क्लबचे अध्यक्षही दोषीच. पण त्या सकाळी मला लांब्याच्या अंगावरून ज्याने ओढून काढलं, तो त्याचा बाप होता. ऐकायला वाईट वाटत असेल तर वाटू दे.

माझा जन्म लांब्याच्या आत्याच्या शिलाई मशीनवर झाला. आत्या शाळांचे गणवेश शिवते. जुनं करडं ब्लँकेट कापून तिने मला शिवलं, आतून मऊ अस्तर लावलं आणि बाह्या मुद्दाम चार बोटं लांब ठेवल्या. लांब्याचं नाव पडलं होतं ते हातांवरूनच. त्या हातांनी तो बटरफ्लाय पोहायचा. दोन्ही एकदम पाण्याबाहेर, दोन्ही एकदम पुढे.

पहिल्याच दिवशी तलावावर माझी टिंगल झाली.

"काय रे, अंथरुणातून थेट इकडेच?"

"उशी पण आणणार होतो," लांब्या म्हणाला, "पिशवीत मावेना."

शर्यतीआधी पोहणारे अंग गरम करतात. काठावर हात फिरवायचे, मग पाण्यात सावकाश फेऱ्या, शेवटी दोन-चार जोरात. बाहेर येऊन अंग पुसायचं आणि शिट्टी होईपर्यंत मला घालून बसायचं. कमावलेली ऊब जाऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम.

ते काम साधं नव्हतं. लांब्याचा उजवा खांदा तीन महिने दुखत होता. डॉक्टरांनी बापासमोर आणि सरांसमोर बजावलं होतं, "खांदा गरम असेल तरच पोहायचं. गार पडला तर पाण्यात उतरू नकोस." दोघांनी माना डोलावल्या. मान डोलवायला काय जातं.

शाळाही सरांच्याच सांगण्यावरून सुटली होती. "अकरावी कुठे पळून जाते? एकदा सरकारी प्रशिक्षण केंद्रात निवड झाली की हॉस्टेल, जेवण, शिक्षण, सगळं तेच बघतात."

"परीक्षा तरी देऊ दे त्याला," आत्या म्हणाली.

"सर सांगतात ते बरोबरच असणार," बाप म्हणाला. बाप क्लबचा पंप चालवतो. बावीस वर्षं 'हो साहेब' म्हणून त्याच्या तोंडाला तेच वळण पडलंय.

निवडीच्या दिवशी हवा बोचरी होती, तलाव उघडा. दोनशे मीटर बटरफ्लाय, चार फेऱ्या, पहिले दोघे निवडले जाणार. लांब्याने अंग छान गरम केलं. मी अंगावर चढलो तेव्हा त्याचे खांदे सैल होते, पाठीतून वाफ निघत होती. शर्यत साडेआठला होती. पण प्रमुख पाहुणे आले नव्हते. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले.

"सर, खांदा गार पडतोय. दोन फेऱ्या मारून येतो."

"आता नाही. अध्यक्षांनी सांगितलंय, पाहुणे येतील तेव्हा पाणी हलता कामा नये. फोटोत काचेसारखं दिसलं पाहिजे."

पोहण्याच्या शर्यतीत पाणी हलू नये, हे फक्त मोठ्या माणसांनाच सुचतं.

फाटकाशी गाडी वाजली. सर ओरडले, "रांगेत उभे राहा. कोट, टॉवेल बाजूला. खेळाडू दिसले पाहिजेत." बाकीच्यांनी काढले. लांब्याने मला गळ्यापाशी दोन्ही मुठींत धरून ठेवलं.

"बाबा, तुम्ही सांगा ना यांना. डॉक्टर काय म्हणाले, तुम्ही होतात तिथे."

बापाने आधी अध्यक्षांकडे पाहिलं, मग पोराकडे. "फोटोपुरता काढ. चारचौघांत माझी लाज काढू नकोस." आणि ओढलं. माझं वरचं बटण उडून पाण्यात गेलं. तेवढंच काय ते पाणी हललं.

पाहुण्यांची खुर्ची दवाने ओली होती. बापाने हातात होतो म्हणून मलाच घेतलं आणि खुर्ची पुसली. पाठ, हात, पाय, सगळं निगुतीने. मग पाहुणे तिच्यावर बसले, उठले आणि तरुणांच्या आरोग्यावर पंचवीस मिनिटं बोलले. समोर आठ पोरं उघडी, दात वाजवत उभी. मी खुर्चीखाली ओला बोळा होऊन पडलो होतो.

फोटो झाला. "चला चला, आधीच उशीर झालाय," सर म्हणाले. ज्यांनी उशीर केला ते बसून चहा पीत होते.

लांब्या न उतरता तरी काय करणार होता? शाळा सुटलीच होती. पहिल्या दोन फेऱ्या तो पुढे होता. तिसरीच्या मध्यावर डावा हात पाण्याबाहेर आला, उजवा आलाच नाही. तो दोरीला लटकून राहिला. बाप मला घेऊन काठावर धावला. ओल्या कोटाचा त्याला काय उपयोग होता?

"नशीब एकेकाचं," सर म्हणाले.

आता मी आत्याच्या मशीनशेजारी खिळ्याला असतो. पाठीवर खुर्चीच्या गंजाचा डाग आहे, धुतला तरी जात नाही. आत्या नवं बटण लावायला निघाली तर लांब्या म्हणाला, "राहू दे." बापाशी तो बोलत नाही. तो फोटो क्लबच्या ऑफिसात लावलाय, पाणी अगदी काचेसारखं आलंय. पोरांना रांगेत उभं करायची ज्यांना हौस असते, त्यांनी एकदा उघड्या अंगाने त्या काठावर अर्धा तास उभं राहून बघावं. एवढंच मागणं आहे.

थंडीत आत्या मला त्याच्या अंगात घालते. आधी उजवी बाही, मग डावी. त्याला एकट्याला जमत नाही. निवड गेली, अकरावी गेली, दोन ऑपरेशनं झाली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. लांब्या अठरा वर्षांचा आहे.