नाव न घेतलेली विनंती

शिवणबाईच्या पदरात त्या गुरुवारी फार तर काय पडणार होतं? दीड मिनिट. लोकांनी खरोखर कान देऊन ऐकलेलं दीड मिनिट, आणि मग चहाच्या वेळी आपल्या खुर्चीजवळ सरकलेल्या दोन खुर्च्या. तिच्या परिस्थितीत हेही थोडं नव्हतं. गुरुवारच्या प्रार्थनासभेत खुर्च्या गोल मांडत आणि विनंत्या डावीकडून उजवीकडे फिरत. तिची पाळी अकरावी. तिथवर येईतो मंडळींचे डोळे मिटलेले असले तरी नाकं किटलीकडे लागलेली असत. आणि तिच्याजवळ विनंत्या तरी कसल्या? चार वर्षं गुडघा. कधी डावा, कधी उजवा, पण लोकांच्या लेखी एकच. तिचं वाक्य संपायच्या आत ‘आमेन’ पडायचं.

अशात मंगळवारी ड्रायव्हरची बायको झगा घेऊन आली.

शिवणबाईच्या पुढच्या खोलीत मशीन, उभा आरसा आणि एक बुटकं स्टूल होतं. त्या स्टुलावर चढलेली बाई बोलू लागते, हा तिथला वीस वर्षांचा अनुभव. खाली कुणी तोंडात टाचण्या धरून बसलंय म्हणजे ते उलटून बोलणार नाही, असा भरवसा वाटत असावा.

“दोन बोटं आत घे, ताई,” ड्रायव्हरची बायको म्हणाली. “काळजीनं वाळलेय मी.”

“कसली काळजी?” टाचण्यांमधून प्रश्न निघाला.

“यांची. रोज संध्याकाळी सहाला बाहेर पडतात, आठला येतात. विचारलं की ‘हं’. बावीस वर्षं त्या ‘हं’वर संसार केला मी, पण हल्लीचा ‘हं’ निराळा आहे. नजर चुकवून म्हणतात.”

ड्रायव्हर शाळेची बस चालवायचा. पोरं त्याला हंकाका म्हणत. कारण सगळी बसली का हे तो मान वळवून बघायचा, ‘हं’ म्हणायचा आणि बस सोडायचा. कुणी त्याच्या तोंडून याहून लांब वाक्य ऐकलेलं नव्हतं. माणूस घुमा आहे, एवढाच त्याचा लौकिक.

“तुझ्यापाशीच राहू दे हे,” बायको स्टुलावरून उतरताना म्हणाली. “प्रार्थना तेवढी कर.”

प्रार्थना कर, असं ती म्हणाली. कुठे, किती जणांत आणि किती मोठ्यानं, ते म्हणाली नाही. शिवणबाईनं ही फट बरोबर हेरली.

गुरुवारी अकरावी पाळी आली. गुडघ्याची सवय असलेली मंडळी उठायच्या बेतात होती.

“आपल्यातल्या एका भावासाठी,” शिवणबाई म्हणाली. “नाव घेत नाही मी. दुसऱ्यांच्या लेकरांचे जीव रोज त्याच्या हातात असतात. संध्याकाळचे सहा ते आठ त्याच्या मागे लागलेत. देवानं त्याला त्या वेळी सांभाळावं. घरच्या माउलीनं किती सोसायचं?”

शेवटचं वाक्य तिच्याही ध्यानीमनी नव्हतं. ओघात आलं आणि छान बसलं. ‘आमेन’ झालं तरी कुणी हललं नाही. चहाला दोनच्या जागी चार खुर्च्या सरकल्या. शाळेतली कारकूनबाई कप घेऊन अगदी कानाशी आली. “बाटली का गं?”

“मी काही म्हणाले नाही हो,” शिवणबाई म्हणाली, आणि उसासा टाकून साखर ढवळत राहिली. ती खरंच काही म्हणाली नव्हती. जे म्हणायचं ते उसाशानं म्हटलं.

घरी येऊन तिनं सासूला सगळं रंगवून सांगितलं. सासूला कमी ऐकू येई, पण जे ऐकू येई ते पुरतं समजे.

“आणि आई, नाव नाही हो घेतलं मी त्यांचं.”

“नाव नाही घेतलंस. घराचा पत्ता तेवढा दिलास.”

“प्रार्थनाच केली ना पण?”

“देवाला पत्ता आधीच ठाऊक होता,” सासू म्हणाली. “मग सांगितलास कुणासाठी?”

शिवणबाईनं ते हसण्यावारी नेलं. म्हाताऱ्या माणसांचं काय मनावर घ्यायचं.

पुढच्या मंगळवारी ड्रायव्हरची बायको तयार झगा घालून बघायला आली. स्टुलावर चढली आणि आरशात न बघताच रडायला लागली.

“बस काढून घेतली गं त्यांच्याकडून.”

सोमवारी सकाळी, पोरं चढत असताना, मुख्याध्यापिका स्वतः बसच्या दारात आल्या होत्या. संध्याकाळी कुठे असता तुम्ही, असं त्यांनी सरळ विचारलं. ड्रायव्हरनं तोंड उघडलं. पहिलंच अक्षर दातांमागे अडकलं. मान ताठ झाली, डोळे लाल झाले, ओठ थरथरले, तोल जाऊ नये म्हणून त्यानं दाराची दांडी धरली. मुख्याध्यापिका मागे सरकल्या. दारू चढलेला माणूस असाच दिसतो, असं त्यांनी ऐकलेलं होतं. त्यांनी किल्ली मागून घेतली. पोरं खिडक्यांतून बघत होती.

“दारू?” बायको म्हणाली. “ते अडखळतात गं. लहानपणापासून. ‘हं’ अडखळत नाही, म्हणून जन्मभर तेवढंच बोलले. ‘दवाखान्यात’ म्हणायचं होतं त्यांना. पहिल्या अक्षराच्या पुढे गेलेच नाहीत.”

“दवाखान्यात कशाला?”

“तिथं संध्याकाळी एक बाई बोलायला शिकवतात. मलाही सांगितलं नव्हतं. काल खिशातून कागद काढून दाखवला. चार वाक्यं, मोठ्या अक्षरांत, श्वास घ्यायचा तिथं उभ्या रेघा. प्रार्थना आहे ती. गुरुवारी गोलात बसून म्हणायची होती त्यांना. अकरा वर्षं ते सभेला येत नाहीत. लोकांना वाटतं देवावर रुसलेत. पाळीला घाबरतात गं ते. आपली पाळी आली आणि तोंडच उघडलं नाही तर?” तिनं डोळे पुसले. “दारूचं उठवणारी ही जीभ कुणाची असेल गं?”

शिवणबाईच्या तोंडात टाचण्या होत्या. वीस वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांचा आधार वाटला. ती खाली मान घालून झग्याची कड दुमडत राहिली, सरळ होती तीसुद्धा.

त्यानंतर तिचं शिवण बिघडलं. एक बाही दोनदा उसवावी लागली. रात्री डोळे मिटले की प्रार्थनेच्या जागी आपलाच उसासा ऐकू यायचा. शुक्रवारी ती पाळकांकडे गेली. ते देवळातली गीतांची पुस्तकं बाकांवर लावत होते. तिनं सगळं सांगितलं, आणि शेवटी जरा घाईनं म्हणाली, “देवाजवळ क्षमा मागितली मी, पाळकसाहेब.”

“बरं केलंत.” त्यांनी एक पुस्तक सुलटं केलं. “देव कुठे जात नाही, बाई, तो इथेच आहे. ड्रायव्हर मात्र सकाळी दहा वाजता घरी बसलाय. आधी तिकडे जा.”

ती आधी शाळेत गेली, कारण ते सोपं होतं. मुख्याध्यापिकांपुढे उभी राहून म्हणाली, “त्यांना पिताना मी पाहिलं नाही. कुणाकडून ऐकलंही नाही. लोकांनी माझं ऐकावं म्हणून मी तसं म्हटलं.”

“पण तुम्ही तर प्रार्थना केली होती म्हणे?”

“ती प्रार्थना नव्हती.”

शेजारच्या टेबलावर कारकूनबाईचं टायपिंग थांबलं. पुन्हा सुरू झालं ते बऱ्याच वेळानं. मुख्याध्यापिकांनी दवाखान्याचं पत्र मागवायचं ठरवलं, आणि एका आठवड्यात किल्ली परत गेली. ते नंतर.

ड्रायव्हरच्या घराचं दार बायकोनं उघडलं. शिवणबाईनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, कारण आत जाऊन बसली असती तर बोललीच नसती.

“त्या दिवशी तोंडात टाचण्या होत्या तुझ्या,” बायको म्हणाली. “नाहीतर तेव्हाच सांगितलं असतंस. हो ना, ताई?”

शिवणबाई चपला काढून आत गेली.

ड्रायव्हर आत टेबलाशी बुटांना पॉलिश करत होता. कामावर जायचं नव्हतं तरी बूट लख्ख होते.

“भाऊ, मी चुकले,” ती म्हणाली. “माझ्यामुळे झालं हे.”

त्यानं ब्रश खाली ठेवला. तोंड उघडलं. “मु...” तो म्हणाला, आणि थांबला. मान ताठ झाली. शिवणबाईला दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची जन्माची खोड. जिभेवर तीन शब्द तयार होते. तिनं तिन्ही गिळले आणि थांबून राहिली.

“मुलं... ब... बघत होती,” तो शेवटी म्हणाला.

“हो,” ती म्हणाली.

मग तो पुन्हा सुरू झाला. आता ‘म’ अडला. बायकोनं पदराचं टोक मुठीत धरलं. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. ‘माफ’ आला, मग पुन्हा श्वास, मग ‘केलं’. त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. क्षमा फुकट मिळते म्हणतात. घेणाऱ्याला मिळत असेल. देणाऱ्याला ती केवढ्याला पडते, ते शिवणबाईनं समोर उभं राहून पाहिलं. दोन शब्द, आणि घड्याळाप्रमाणे दीड मिनिट.

त्यानंतरच्या गुरुवारी अकराव्या पाळीला तिनं गोलात सगळं सांगितलं, या वेळी नाव घेऊन. स्वतःचं. चहाला तिच्याजवळ एकही खुर्ची सरकली नाही. तिनं आपल्या डाव्या हाताची खुर्ची ड्रायव्हरसाठी मुद्दाम रिकामी ठेवली होती. ती रिकामीच राहिली. पुढच्या गुरुवारी, आणि त्याच्याही पुढच्या.

आता हे कुणाला केवढ्याला पडलं ते बघू. कारकूनबाई बाटलीविषयी आजतागायत एक अक्षर बोललेली नाही, म्हणजे तिला हे फुकटातच पडलं. शिवणबाईचं थोडं गेलं: ड्रायव्हरची बायको आता दुसरीकडे शिवते, आणि स्टुलावर चढलेल्या बायका आरशात बघून फक्त लांबी-रुंदी सांगतात. बस रोज सकाळी वेळेवर सुटते, पोरं बसली की पुढून ‘हं’ येतो. पण संध्याकाळी सहाला ड्रायव्हर आता घरीच असतो, दवाखान्यात जात नाही. चार वाक्यांचा कागद शर्टाबरोबर धुण्यात गेला आणि त्यानं दुसरा लिहिला नाही. दीड मिनिट वापरलं शिवणबाईनं. त्याचं मोल भरलं त्यानं.