सात पायऱ्यांखालची खुर्ची

मी चाकांची खुर्ची बोलतेय. आवाज चढला तर चालवून घ्या. मला डोकं नाही, तरी आज ते फिरलंय.

ज्या पदयात्रेचे फलक तुम्ही चौकाचौकात पाहता, ती कशी सुरू झाली ते मला विचारा. दोन बहिणी. थोरली शिवणकाम करायची. धाकटीचे पाय गेले तेव्हा मी त्यांच्या घरी आले. धाकटी माझ्यावर बसून काज-बटणं करून द्यायची. आठवड्यातून तीनदा थोरली मला ढकलत दवाखान्यात न्यायची, धाकटीच्या व्यायामासाठी.

दवाखान्याला सात पायऱ्या, उतार नाही. मला उचलायला चार माणसं लागायची आणि ती ऐनवेळी दारात कुठली मिळायला? म्हणून थोरली घरापासूनच हाका मारत निघायची, "अहो, येताय ना उचलायला?" न्हावीदादा यायचे, बेकरीवाल्या मावशी यायच्या. चार हवे असताना दहा येऊ लागले. बस्स, हीच ती पदयात्रा!

मग समिती आली, टोप्या आल्या, भोंगा आला. देणगीतून दवाखान्याला पंखे मिळाले, घड्याळ मिळालं, नवी पाटीसुद्धा मिळाली. थोरली दर सभेत उताराचं काढायची. गेल्या खेपेला चिटणीस हसत म्हणाले, "ताई, उतार केला तर लोक उचलायला कशाला येतील? मग यात्रेत उरलं काय?"

धाकटी समोरच बसली होती. घरी जाताना म्हणाली, "ताई, मला एकदा तरी सामानासारखं नाही, माणसासारखं आत जायचंय गं."

आज चारशे माणसं चालली. माझ्या पाठीला फलक बांधला होता. पायऱ्यांपाशी पोचलो तर भाषण सुरू. थोरलीची कंबर आता साथ देत नाही, म्हणून तिने तिघाचौघांना विनवलं. ते म्हणाले, "एक मिनिट हं, फोटो होऊ दे."

धाकटीने माझा ब्रेक लावला. ती खाली उतरली, पायऱ्यांकडे पाठ केली आणि हातांवर जोर देत, बसत बसत एकेक पायरी चढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! अहो, वाजवताय काय? म्हणजे हात रिकामेच होते ना?

थोरली तिच्यामागे आत धावली. दारातून मला दिसतंय, धाकटी गार फरशीवर बसली आहे. तिचा नंबर यायला अजून वेळ आहे. इथे खाली बिस्किटं वाटताहेत.

उतार करा, नाहीतर करू नका. माझा भरवसा उडालाय. पण आधी कोणीतरी मला वर न्या हो.