लाल ठिपका

रविवारी बाबांनी मला विचारलं की तुमच्या हॉस्पिटलात डोक्याचा चांगला डॉक्टर कोण आहे. विचारलं तेही माझ्याकडे न बघता, गॅरेजमध्ये स्टुलावर बसून, हातातला पाना फडक्याने पुसत. कोणासाठी, म्हटलं. तर म्हणाले, "माझ्यासाठी. माझं डोकं चालत नाही आता."

हा माणूस सर्दीलासुद्धा डॉक्टरकडे जात नाही. सगळं आयुष्य त्यांनी दुकानांचे वजनकाटे दुरुस्त केले. काटा खोटा निघाला की ते दुकानदाराला गिऱ्हाइकासमोर सुनवायचे, त्यामुळे बाजारात त्यांना मान होता आणि मित्र एकही नव्हता. असे बाबा मान खाली घालून मला डोक्याचा डॉक्टर विचारत होते.

कारण त्यांच्या मागेच उभं होतं, बॉनेट उघडून. गाडी माझ्याहून वयाने मोठी. नातेवाईक तिला पांढरा हत्ती म्हणतात, खरा रंग हिरवा असला तरी. ती दोन महिने चालू होत नव्हती. बाबांनी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली, कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला. रोज सकाळी नव्याने सुरुवात आणि रोज संध्याकाळी पहिले पाढे पंचावन्न. आता त्यांची खात्री झाली होती की दोष गाडीत नसून त्यांच्या डोक्यात आहे. आपण काहीतरी विसरतोय आणि काय विसरतोय तेही विसरतोय, असं ते म्हणाले.

लोक विचारतात, काय ठेवलंय या जुन्या डबड्यात? हौस म्हणावी तर कपडे कायम ग्रीसचे, मिरवणं म्हणावं तर भर चौकात बंद पडून ढकलायची वेळ. मीही लहानपणी हेच विचारायची. दादाने नवी गाडी घेतली तेव्हा बाबांनी त्याचं उत्तर दिलं. त्या गाडीत एक पिवळा दिवा लागला आणि पडद्यावर आलं, कंपनीकडे जा. बाबा चिडले. म्हणाले, "ही कसली गाडी? तक्रार करते आणि कारण सांगत नाही. आपली बंद पडली तर त्याला कारण असतं. कारण असतं म्हणजे ते सापडतं. तुझी आई गेली, माझे डोळे चाललेत, त्याचं कारण मला कोणी धड सांगत नाही. हिचं सापडतं." त्यांनी ती एवढी वर्षं का सांभाळली, ते मला त्या दिवशी कळलं.

तर आता तिचंही कारण सापडत नव्हतं, आणि बाबा स्टुलावर बसून होते.

मी बाह्या सरसावल्या. आम्हा भावंडांचं बालपण या गॅरेजमध्ये टॉर्च धरण्यात गेलं आहे. दादा टॉर्च न हलवता धरायचा. मी एका हाताने टॉर्च धरून दुसऱ्या हाताने वाद घालायची, म्हणून घरात माझं नाव मिरची पडलं. पण बघून बघून शिकलो दोघंही. बाबांना म्हटलं, तुम्ही आत बसा आणि मी सांगेन तेव्हा सेल्फ मारा. मी एकेक गोष्ट पुन्हा तपासणार. बाबा म्हणाले रोटर सोडून दे, तो यंदाच बसवलाय, त्याच्यावर ठिपका आहे.

ठिपक्याचं सांगायला हवं. काट्यांच्या धंद्यात तपासलेल्या वजनावर शिक्का मारतात. बाबांनी तीच पद्धत घरी आणली. गाडीचा जो भाग त्यांनी स्वतः तपासून पास केला, त्याच्यावर आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. आई गेली तरी ती बाटली थिनर घालघालून त्यांनी जगवली आहे. ठिपका दिला की त्या भागावर पुन्हा संशय घ्यायचा नाही. नाहीतर माणूस जन्मभर तेच तेच तपासत बसेल, असं त्यांचं म्हणणं.

पण मी वॉर्डातली सिस्टर. दुसऱ्याने लिहिलेला ताप मी मानत नाही. मी रोटरपासूनच सुरुवात केली. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो गोल फिरतो आणि प्रत्येक प्लगला त्याची ठिणगी वाटून देतो. कॉइलची जाड वायर त्याच्या पितळी डोक्याजवळ धरायची आणि सेल्फ मारायचा. रोटर धड असेल तर काही होत नाही. आतून फुटलेला असेल तर ठिणगी उडते. वरून बघून काही कळत नाही.

ठिणगी उडाली, चांगली निळी.

मी रोटर काढून उजेडात नेला. लाल ठिपका होता, पण बाबांचा लाल नव्हता. आईची बाटली जुनी होऊन विटकरी झाली आहे, आणि हा ठिपका गुलाबीकडे झुकणारा, चमचमणारा. असली चमक या घरात एकाच माणसाच्या नखांवर असते, माझ्या वहिनीच्या. बाबांच्या डोळ्यांना हा फरक दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी ठिपका पाहिला आणि स्वतःच्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. दोन महिने स्वतःच्या डोक्यावर संशय घेतला, पण शिक्क्यावर घेतला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांनी आतून विचारलं, काही दिसलं का? मी नाही म्हटलं आणि रोटर खिशात टाकला. मला आधी दादाला धरायचं होतं.

दादा दातांचा डॉक्टर, राहतो बाबांच्याच वरच्या मजल्यावर. दवाखाना रस्त्याच्या पलीकडेच, रविवारीही अर्धा वेळ उघडा. पेशंट बाहेर पडेपर्यंत मी कशीबशी थांबले आणि रोटर त्याच्या ट्रेमध्ये, चिमट्यांच्या शेजारी आपटला. त्याने तो ओळखला. तो नाही म्हणाला असता तर मी तिथेच त्याचे दात त्याच्या घशात घातले असते. पण त्याने तोंडावरचा मास्क काढला आणि खुर्चीवर बसला, पेशंटच्या.

मग मला जे कळलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी बाबा गाडी घेऊन बाहेर पडले आणि कोपऱ्यावर काहीतरी घासलं. घरी येऊन त्यांनी सांगितलं, खांबाला लागली. तो खांब नव्हता. सायकलवरची शाळकरी मुलगी होती. दवाखान्याच्या खिडकीतून दादाने ते पाहिलं आणि धावत गेला. मुलगी वाचली, गुडघा फुटला, सायकलचं चाक वाकडं झालं. बाबा पुढे निघून गेले होते, कारण त्यांना ती दिसलीच नव्हती. मग चष्म्याचं निमित्त काढून दादा त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्या डॉक्टरने दादाला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदू आहे, बाजूची नजर गेली, समोरचं तेवढं दिसतं, ते परत येणार नाही, गाडी बंद करा. घरी येऊन दादाने गाडी बंद केली, ती अशी. बाबांच्या जुन्या सामानातून फुटका रोटर शोधला, बायकोकडून बाटली मागून त्याच्यावर ठिपका दिला आणि चांगला रोटर इथे ड्रॉवरमध्ये ठेवला.

"मी दुसरं काय करणार होतो?" तो म्हणाला.

"तोंड दिलंय ना देवाने? लोकांची तोंडं उघडून बघतोस दिवसभर, स्वतःचं एकदा उघडायचं."

"बाबांना सांगायचं? त्यांना? की तुम्हाला दिसत नाही?"

मी त्याला सोडलं नाही. भित्रा म्हटलं. सुई टोचताना 'दुखणार नाही' म्हणून खोटं बोलायची तुझी सवय घरापर्यंत आली, म्हटलं. गाडीत बिघाड करून ठेवलास आणि बाप वेडा होतोय हे वरच्या मजल्यावरून बघत बसलास, रोज संध्याकाळी खाली येऊन 'सापडलं का बाबा' असंही विचारलंस, तुझी जीभ झडली कशी नाही? तो म्हणाला, मला वाटलं होतं चार दिवस शोधतील, कंटाळतील आणि सोडून देतील. हे ऐकून मी आणखी भडकले. चाळीस वर्षं ज्या माणसाने एकही काटा कंटाळून सोडला नाही, त्याच्याबद्दल त्याचा मुलगा हे बोलत होता.

आवाज ऐकून वहिनी रस्ता ओलांडून मधे पडायला आली होती. तिलाही मी वाट्याचं दिलं. ती म्हणाली, मला काय माहीत, मागितली तर बाटली दिली. शेवटी दादाच थकून म्हणाला, "मग तू सांग. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायचीच आहे ना? तू बांध."

"सांगतेच," मी म्हटलं. "नको ते सांगणं हे माझं रोजचं काम आहे."

आणि ते खोटं नाही. वॉर्डात डॉक्टर काढता पाय घेतात तेव्हा नातेवाइकांसमोर मीच उभी असते. पाय कापावा लागेल, आजोबा आता बोलणार नाहीत, हे मी सरळ सांगते. आडवळणाने सांगितलं की माणसं खोट्या आशेवर राहतात, असं मी नव्या मुलींना शिकवते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बाबांकडे गेले. चांगला रोटर एका खिशात, फुटका दुसऱ्यात. बाबा गॅरेजमध्येही गेले नव्हते. स्वयंपाकघरात बसून बाहेर जायचा शर्ट घालून माझी वाट बघत होते, डोक्याच्या डॉक्टरकडे जायला.

मी दोन्ही रोटर टेबलावर ठेवले आणि रोटरचं सगळं सांगितलं. फुटका कुठून आला, ठिपका कोणी दिला. बाबांनी फुटका उचलला, अंगठ्याने चाचपला, नाकाजवळ नेऊन ठिपक्याचा वास घेतला. मला वाटलं, आता स्फोट होणार. मी दादासाठी त्या स्फोटाची वाटच बघत होते.

"म्हणजे मी चुकत नव्हतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

"माझं डोकं ठीक आहे."

"चोख आहे."

ते हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसले. पोरगं गाढव आहे पण हात चांगला आहे, मला फसवलं, असंही म्हणाले. मुलाने हे का केलं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इतकं खूश मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं, म्हटलं होऊ दे जरा.

फुटका मी पुन्हा खिशात टाकला. गॅरेजमध्ये त्यांनी चांगला रोटर बसवला, बघायची गरजच नव्हती, बोटांनीच. मग आत बसले आणि सेल्फ मारला. गाडी एकदा खोकली आणि चालू झाली. दोन महिन्यांचा धूर बाहेर पडला. बाबांनी कान देऊन ऐकलं, कॉलर नीट केली, दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"गेट उघड," ते म्हणाले.

मी गेटपर्यंत गेले. कडीवर हात ठेवला आणि तिथेच उभी राहिले. इतकी माणसं, इतक्या वाईट बातम्या, पण त्यातलं एकही वाक्य मला सुचेना. लोका सांगे ब्रह्मज्ञान. बाबांनी हॉर्न दिला. मला दादाचा राग आला, डोळ्यांच्या डॉक्टरचा आला, आणि खरं सांगायचं तर बाबांचाही आला, की तुमचं तुम्हाला कळायला नको का.

मी परत आले आणि खिडकीशी वाकले. "बाबा, तुम्ही गाडी चालवायची नाही."

"का?"

"बाजूचं दिसत नाही तुम्हाला. आणि ते परत येणार नाही. त्या दिवशी तुम्ही खांबाला घासली म्हणालात ना? तो खांब नव्हता. शाळेतली मुलगी होती. सायकलवर होती."

इंजिन चालू होतं. बाबा समोर बघत राहिले. मी उजवीकडे उभी होते आणि त्या नजरेत मी नव्हतेच, हे मला तेव्हा दिसलं.

"लागलं तिला?"

"गुडघा फुटला. बरी आहे."

मग त्यांनी चावी फिरवली. गाडी बंद झाली.

"पोराने दोष गाडीवर घातला होता," ते म्हणाले. "तू माझ्यावर घातलास."

मी म्हटलं, खरं ते सांगितलं, बाबा, खोटं तुम्हालाच चालत नाही. माझा आवाज चढला होता. बाबा दार उघडून उतरले, मडगार्डला हात लावत लावत पुढे आले आणि बॉनेट उचललं. नुकताच बसवलेला रोटर काढला आणि माझ्या हातात दिला. मग तोच हात माझ्यासमोर उघडा धरला.

"तो दुसरा दे."

"बाबा, तो फुटका आहे."

"माहीत आहे. दे."

मी दिला. त्यांनी तो बोटांनी चाचपून जागेवर बसवला, झाकण लावलं, दोन्ही क्लिपा दाबल्या आणि बॉनेट खाली सोडलं. फडकं घेऊन हात पुसले, एकेक बोट.

"आता बिघाड गाडीत आहे," बाबा म्हणाले, आणि स्टुलावर बसले.